फळ न कापता आतली गोडी प्रकाशानं कशी मोजावी

टॉर्चच्या तोंडावर बोटाचं पेर ठेवलं की ते लालभडक उजळतं. उजेड आत शिरतो, असंख्य वेळा आपटून वाट बदलतो आणि शेवटी भलतीकडूनच बाहेर पडतो. वाटेत काही रंग गिळले जातात, काही उरतात. फळ, अंडं, दूध, मांस यांचं आतलं रूप प्रकाशानं मोजायच्या बहुतेक पद्धती एवढ्याच गोष्टीवर उभ्या आहेत. इथे मुख्यतः सफरचंदासारख्या पातळ सालीच्या फळातली साखर आणि शुष्कांश (पाणी उडाल्यावर उरणारा भाग) कसा मोजायचा ते पाहू. हे नीट जमलं की बाकीचं त्याच अंगानं जमतं.

प्रकाशाच्या आकड्यावरून गोडी ओळखायला शिकवण्यासाठी सुरुवातीची काही फळं मोजून झाल्यावर कापावीच लागतात. दोन्हींचे आकडे जुळले नाहीत की लोक गणिताला दोष देतात. खरा दोष बहुधा दोनच ठिकाणी सापडतो. एक तर प्रकाश फळाच्या आत न जाताच डिटेक्टरवर (प्रकाश मोजणाऱ्या भागावर) पोचलेला असतो, नाहीतर तुलनेसाठी काढलेला रस मोजलेल्या जागेचा नसतो. म्हणून मांडणी आणि रस यांना इथे जास्त जागा दिली आहे, गणिताला कमी.

कोणता प्रकाश वापरायचा

फळ म्हणजे मुख्यतः पाणी, तेव्हा निवड पाण्याला विचारून करायची. १४५० नॅनोमीटर तरंगलांबीला पाणी इतकं शोषतं की साधारण ०.३ मिलिमीटरमध्येच प्रकाश ३७ टक्क्यांवर येतो. म्हणजे त्या पट्ट्यात आपण जेमतेम साल पाहतो. ९७० नॅनोमीटरलाही पाण्याचं शोषण आहे, पण तिथे नुसत्या पाण्यात तेवढीच घट व्हायला सुमारे २ सेंटिमीटर लागतात. ७०० च्या खाली गेलात तर हरितद्रव्य आडवं येतं, त्याचा जोर ६८० च्या आसपास असतो. मधली ७०० ते १०५० नॅनोमीटरची खिडकी म्हणूनच आपल्या कामाची. सिलिकॉनचे स्वस्त डिटेक्टर नेमके याच पट्ट्यात चालतात. १०५० च्या पुढे त्यांची संवेदनक्षमता झपाट्यानं घसरते आणि हाती नुसता गोंगाट, म्हणजे आकड्यांची निरर्थक थरथर, येतो.

या खिडकीतही साखर काही उठून दिसत नाही. तिच्या कार्बन-हायड्रोजन बंधांची खूण ९१० च्या जवळ येते, आणि तीही पाण्याच्या ९७० च्या डोंगराच्या उतारावर बसलेली. डोळ्यांना आलेखात फक्त पाणी दिसतं. साखर वाढली की पाणी थोडं कमी होतं आणि उताराचा आकार किंचित बदलतो. आपण मोजतो तो हा किंचित बदल. त्यामुळे पाण्याच्या खुणेला धक्का लावणारी कुठलीही गोष्ट, मग ती तापमान असो वा सालीवरचं दव, थेट साखरेच्या आकड्यात शिरते.

साहित्य

दिवा टंगस्टन हॅलोजनचा, १२ व्होल्ट, २० ते ५० वॅट. तो स्थिर डीसी पुरवठ्यावरच चालवा. ५० हर्ट्‌झच्या एसीवर दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो आणि तो लुकलुकाट मोजणीत उतरतो. स्पेक्ट्रोमीटर (प्रकाश तरंगलांबीनुसार वेगळा करून मोजणारा) ६५० ते १०५० नॅनोमीटर पाहणारा, विभेदन, म्हणजे शेजारच्या तरंगलांबी वेगळ्या ओळखण्याची बारीकी, १० नॅनोमीटरच्या आसपास असलेला घ्या. त्याहून बारीक विभेदनाचा इथे फारसा उपयोग नाही, कारण या पट्ट्यातल्या खुणा मुळात रुंद असतात. त्यापेक्षा गोंगाट कमी असणं महत्त्वाचं.

१८ चॅनेलचं, म्हणजे १८ ठरावीक तरंगलांबी-पट्टे मोजणारं, एएस७२६५एक्स सेन्सर वापरून शिकायला सुरुवात केली तरी हरकत नाही. पण त्याचे चॅनेल ४१० पासून ९४० वर संपतात, म्हणजे पाण्याचा माथाच हातून सुटतो, आणि प्रत्येक चॅनेल सुमारे २० नॅनोमीटर रुंद आहे. पिकण्याबरोबर हरितद्रव्य कसं घटतं ते त्यावर छान दिसेल. साखरेची अपेक्षा बेताची ठेवा.

याखेरीज लागेल ती यादी अशी: २५ मिलिमीटर जाडीचा टेफ्लॉनचा ठोकळा, ब्रिक्स (रसात विरघळलेल्या साखरेचा साधारण टक्का) मापणारा रिफ्रॅक्टोमीटर, फळातून गोल तुकडा काढायला २५ मिलिमीटर व्यासाची धारदार नळी, ०.०१ ग्रॅम किंवा त्याहून बारीक मोजणारा काटा, ६५ अंशांवर स्थिर राहणारी ओव्हन आणि सुईसारखा थर्मामीटर.

मांडणी: इथेच बहुतेक काम बिघडतं

दिवा आणि डिटेक्टर फळाच्या एकाच बाजूला, वरून रोखून ठेवले तर परत येणाऱ्या प्रकाशाचा मोठा वाटा सालीच्या चकाकीचा असतो. त्याला आतल्या गराची काही माहिती नसते. दिवा एका बाजूला आणि डिटेक्टर बरोबर विरुद्ध बाजूला ठेवला तर सगळं फळ मोजलं जातं, पण पलीकडे प्रकाश इतका थोडा पोचतो की साखरेसाठी हिशोब बसत नाही. मधला मार्ग असा: प्रकाश सालीवर एका जागी सोडायचा, डिटेक्टर १० ते २० मिलिमीटर अंतरावर सालीला टेकवायचा आणि दोघांमध्ये काळी, अपारदर्शक भिंत घालायची. डिटेक्टरपर्यंत पोचायचं तर प्रकाशाला गरातूनच जावं लागतं, आणि त्याची सरासरी वाट केळ्यासारखी वाकडी असते. ही वाट साधारणपणे दोघांतल्या अंतराच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत खोल जाते. अंतर १५ मिलिमीटर ठेवलं तर आपण मुख्यत्वे ५ ते ७ मिलिमीटर खोलीचा गर पाहतो. अंतर वाढवलं तर खोली वाढते, पण प्रकाश झपाट्यानं घटतो. सफरचंदाला १५ पासून सुरुवात करावी.

आता ती भिंत. काळा स्पंज, काळं कापड, काळं छापील प्लॅस्टिक डोळ्यांना ठार काळं दिसतं, पण ८०० नॅनोमीटरच्या पुढे यातले पुष्कळ रंग पारदर्शक होतात किंवा प्रकाश चक्क परतवतात. कार्बनची काजळी मिसळलेलं रबर अवरक्तातही काळंच राहतं. डोळ्यांवर विश्वास न ठेवता चाचणी घ्या. कार्बन रबराचा ८-१० मिलिमीटर जाड तुकडा फळाच्या जागी घट्ट दाबून धरा, दिवा लावा आणि वाचन घ्या. ते दिवा बंद असतानाच्या वाचनाइतकंच यायला हवं. सफरचंदावर मिळणाऱ्या वाचनाच्या १ टक्क्याहून जास्त काही आलं तर प्रकाश भिंतीखालून किंवा भिंतीतूनच गळतोय. गळती बंद होईपर्यंत पुढे जाऊ नका. गळतीसकटही गणित काही ना काही उत्तर देतं, आणि ते उत्तर सालीच्या गुळगुळीतपणाचं असतं.

फळाला टेकणारी कडा मऊ रबराची हवी, म्हणजे गोलाईवर फट राहत नाही. दाब मात्र दर वेळी सारखा हवा. हातानं धरण्यापेक्षा फळ वाडग्यासारख्या बैठकीत ठेवून प्रोब (प्रकाश सोडणारं टोक, भिंत आणि डिटेक्टर यांचा जोड) स्प्रिंगनं किंवा ठरावीक वजनानं खाली सोडणं बरं.

एक सफरचंद, पहिल्यापासून शेवटपर्यंत

फळं आदल्या रात्रीच २० अंशांच्या खोलीत काढून ठेवा. शीतगृहातलं फळ आल्या आल्या मोजू नका. सालीवर दव साचतं, आणि साल कोमट झाली तरी गाभा तासन्‌तास गार राहतो. दिवा ३० मिनिटं तापू द्या.

फळ कोरड्या मऊ कापडानं पुसा. देठ आणि बूड यांच्या बरोबर मध्ये जो सर्वांत रुंद पट्टा असतो, त्यावर समोरासमोर दोन जागा निवडा. डाग, ओरखडा, उन्हानं करपलेला भाग टाळा. मार्करनं २५ मिलिमीटरचं वर्तुळ काढा, पण रेघ प्रोबच्या बाहेर राहील इतपत. शाई मोजणीत आली तर तिचाच वर्णपट (तरंगलांबीनुसार शोषणाचा आलेख) मिळेल. वर्तुळाशेजारी क्रमांक लिहा: १२-अ, १२-ब.

सुई-थर्मामीटर वर्तुळापासून दूर १० मिलिमीटर खोचून तापमान टिपून घ्या. मग प्रोब टेकवा आणि दिवा झाकलेला असताना एक वाचन घ्या. यात डिटेक्टरचा स्वतःचा अंधार-आकडा आणि खोलीतून झिरपलेला उजेड दोन्ही येतात. दिव्याची झडप उघडून १६ वाचनं घ्या आणि त्यांची सरासरी ठेवा, गोंगाट एक चतुर्थांश होतो. ही १६ वाचनं काही सेकंदांत उरकली पाहिजेत. ५० वॅटचा दिवा सालीवर मिनिटभर राहिला तर तिथला गर तापतो आणि आपणच तापमानाची चूक तयार करतो.

वाचनकाळ, म्हणजे एका वाचनासाठी डिटेक्टर उजेड गोळा करतो तो वेळ, असा ठरवा की सर्वांत उंच टोक डिटेक्टरच्या मर्यादेच्या ७० ते ८० टक्क्यांवर राहील. टोक मर्यादेला भिडलं तर तो वर्णपट टाकून द्या, त्यावर दुरुस्ती नाही. टेफ्लॉनच्या ठोकळ्यावरचं पांढरं वाचन, म्हणजे ज्यानं फळाच्या वाचनाला भागायचं ते, दर १०-१५ फळांनंतर, त्याच प्रोबनं आणि त्याच दाबानं घ्यायचं. तिथे प्रकाश जास्त येत असेल तर वाचनकाळ कमी करा, पण त्या वाचनकाळाचं अंधार-वाचन वेगळं घ्या आणि भागाकारात काळाचा फरक धरा. पातळ टेफ्लॉन चालत नाही. प्रकाश त्यातून आरपार जातो आणि खाली टेबल कसलं आहे यावर आकडा बदलतो.

हिशोब एका तरंगलांबीवर करून पाहू. समजा अंधार १,२००, पांढरं ५२,०००, फळ ६,३००, आणि वाचनकाळ तिन्हींचा सारखा. फळातून अंधार वजा केला की ५,१००, पांढऱ्यातून वजा केला की ५०,८००. भागाकार ०.१००. त्याच्या व्यस्ताचा दहाच्या पायाचा लॉग, म्हणजे शोषकता, सुमारे १.०. प्रत्येक तरंगलांबीला हेच केलं की त्या जागेचा वर्णपट तयार होतो. ९७० ला ठसठशीत उंचवटा दिसलाच पाहिजे. तो दिसत नसेल तर तुम्ही फळ मोजलेलं नाही, चकाकी मोजली आहे.

आता चाकू

वर्णपट घेतल्यावर त्याच दिवशी, शक्यतो तासाभरात, त्याच वर्तुळातून नळीनं गोल तुकडा काढा. साल १ मिलिमीटर सोलून टाका आणि वरचा १० मिलिमीटर गर ठेवा, खालचा गाभ्याकडचा भाग कापून टाका. अख्खं फळ मिक्सरमधून काढून सरासरी ब्रिक्स मोजण्याचा मोह आवरा. एकाच सफरचंदाची उन्हाकडची आणि सावलीकडची बाजू, देठाकडचा आणि बुडाकडचा भाग, यांत फरक असतो. प्रोबनं पाहिलेला गर आणि रिफ्रॅक्टोमीटरनं पाहिलेला रस एकाच जागचा नसेल तर तो फरक मॉडेलची (वर्णपटावरून ब्रिक्स सांगणाऱ्या गणिताची) चूक म्हणून तुमच्याच माथी बसतो.

तुकडा स्वच्छ लसूण-चेपणीत दाबा. पहिल्या थेंबावर भागवू नका. सगळा रस एकत्र ढवळून मगच त्यातला थेंब काचेवर टाका. दोन मोजण्यांच्या मध्ये काच शुद्ध पाण्यानं धुऊन कोरडी करा, आणि अधूनमधून शुद्ध पाण्याचं वाचन शून्य येतंय ना ते पाहा. एकाच रसाची दोन वाचनं ०.२ ब्रिक्सहून जास्त वेगळी आली तर पुन्हा मोजा. वापरातल्या साध्या रिफ्रॅक्टोमीटरची स्वतःचीच चूक साधारण ०.२ असते, हे विसरू नका. प्रकाशाची पद्धत तिच्यापेक्षा अचूक ठरू शकत नाही.

फळ कच्चं असेल तर ब्रिक्सऐवजी शुष्कांश मोजा. कच्च्या सफरचंदात बरीच साखर अजून पिष्टाच्या (स्टार्चच्या) रूपात असते. ती रिफ्रॅक्टोमीटरला दिसत नाही, पुढे पिकताना मात्र गोडीत उतरते. तुकड्याच्या पातळ चकत्या करून लगेच वजन करा, कारण पाच मिनिटांतच पाणी उडायला लागतं. ६५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, याला सहसा एक ते दोन दिवस लागतात. ओव्हनमधून काढलेला तुकडा उघडा ठेवला तर हवेतली ओल ओढून घेतो. म्हणून तो ओल शोषणारा पदार्थ ठेवलेल्या बंद डब्यात गार करून मगच तोला.

मॉडेल

निदान १०० फळं, प्रत्येकी दोन जागा. संख्येपेक्षा विविधता महत्त्वाची: वेगवेगळ्या झाडांची, आकारांची, पिकलेली, कच्ची, आणि जमलं तर दोन हंगामांची. सगळी फळं १२ ते १३ ब्रिक्सच्या दरम्यानची असतील तर मॉडेलला शिकायला काही उरत नाही.

वर्णपटाचा ७३० ते ९८० नॅनोमीटरचा भाग घ्या. त्यावर सावित्स्की-गोले या आलेख गुळगुळीत करणाऱ्या पद्धतीनं दुसरं अवकलन करा, म्हणजे आलेखाचा बाक काढा. एका वेळी विचारात घ्यायचा तुकडा, म्हणजे या पद्धतीची खिडकी, २५ ते ४० नॅनोमीटर रुंद ठेवा. यानं उंचीतला आणि उतारातला फरक निघून जातो, उरतो तो आकार. खिडकी फार अरुंद ठेवली तर गोंगाट वाढतो, फार रुंद ठेवली तर साखरेची खूणही पुसली जाते. मग आंशिक लघुतम वर्ग पद्धत, म्हणजे सगळे जिला पीएलएस म्हणतात ती. ती वर्णपटातले पुष्कळ आकडे मोजक्या घटकांत गोळा करून त्यांवरून ब्रिक्स काढते. पायथॉन या संगणकभाषेच्या सायकिट-लर्न संचात ती तयार मिळते. घटकांची संख्या बहुधा ५ ते ८ पुरते. १२-१५ घटक लागत असतील तर मॉडेल फळ शिकत नाही, गोंगाट पाठ करतं.

तपासणी करताना सगळ्यांत जास्त फसगत इथे होते: १२-अ शिकवण्याच्या गटात आणि १२-ब परीक्षेच्या गटात. दोन्ही एकाच फळाच्या बाजू, त्यामुळे परीक्षेचा पेपर फुटलेला असतो आणि निकाल देखणा येतो. फळं गटवार वेगळी करा, त्याहून बरं म्हणजे अख्खी खेप वेगळी ठेवा. सायकिट-लर्नमध्ये यासाठी ग्रुप-के-फोल्ड आहे.

निकाल वाचताना आर-वर्ग (फळांमधल्या फरकाचा किती हिस्सा मॉडेलला पकडता आला, ० ते १) एकटा पाहू नका. फळांच्या ब्रिक्सचं प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) १.० आणि अंदाजाची सरासरी चूक ०.५ असेल तर त्यांचं गुणोत्तर २ आणि आर-वर्ग साधारण ०.७५. तेवढ्यात फळांचे गोड, मध्यम, फिके असे ढीग पाडता येतात. एका फळाचा आकडा लेबलवर छापण्याइतकी खात्री मात्र नाही. गुणोत्तर ३ झालं तर आर-वर्ग ०.८९ च्या आसपास जातो. चूक ०.५ तीच राहून फळांमधला फरक वाढला तरी आर-वर्ग वाढतो, म्हणून दोन वेगळ्या फळसंचांचे आर-वर्ग शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही.

तापमान

गरम पाण्यात रेणूंमधले हायड्रोजन बंध सैल होतात आणि ९७० ची खूण लहान तरंगलांबीकडे सरकते. मॉडेलला हा बदल साखरेसारखाच भासतो. २० अंशांवर शिकलेलं मॉडेल ३० अंशांच्या फळावर लावलं तर एखादा ब्रिक्स सहज सरकतो. यावर उपाय सोपा आहे, फक्त चिकाटी लागते. वीसेक फळं निवडा आणि तीच फळं १०, २० आणि ३० अंशांवर मोजा, प्रत्येक वेळी गाभ्यापर्यंत तापमान पोचू देऊन. शेवटी एकदाच कापा. तिन्ही वर्णपटांना एकच ब्रिक्स द्या आणि सगळं शिकवणीत घाला. तापमान बदललं तरी उत्तर बदलायचं नाही, हे मॉडेल त्यातून शिकतं.

काय मोजता येणार नाही

मिठाला या पट्ट्यात स्वतःची खूण नाही. ते फक्त पाण्याची खूण किंचित वाकवतं. आम्लता सफरचंदात अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते. तिचा आकडा जुळलेला दिसला तर बहुधा तो पिकण्याच्या टप्प्याचा आडून मिळालेला अंदाज असतो, दुसऱ्या जातीवर तो कोसळतो. कीटकनाशकाचे दशलक्षांश भाग या पद्धतीनं दिसतात असं कुणी सांगितलं तर वेगळ्या खेपेवरची परीक्षा दाखवायला सांगा.

आतली खराबी, अंडी आणि लेसरचं वलय

गाभा तपकिरी पडलाय का हे पाहायचं असेल तर मात्र प्रकाश आरपारच न्यावा लागतो. दिवा जोरदार घ्या, फळ काळ्या रबराच्या कपात बसवा म्हणजे बाजूनं उजेड निसटणार नाही, आणि ७०० ते ८०० नॅनोमीटरमधल्या दोन तरंगलांबींच्या शोषकतेतला फरक पाहा. फरक घेतल्यानं फळाच्या आकाराचा परिणाम बराच कमी होतो. गाभ्याजवळच्या हवेच्या पोकळ्यांत द्रव भरला असेल तर उलटंच दिसतं: विखुरणं कमी होतं, प्रकाश जास्त येतो आणि तो भाग काचेसारखा उजळतो.

दिव्यासमोर अंडं धरून पाहणं ही याच कुळातली सर्वांत जुनी युक्ती. पांढऱ्या कवचाच्या अंड्यात रक्ताचा ठिपका शोधायला ५७७ नॅनोमीटरजवळचं हिमोग्लोबिनचं शोषण उपयोगी पडतं. तपकिरी कवचात कवचाचा रंगच आड येतो.

कमी खर्चात विखुरणं समजून घ्यायचं असेल तर ६५० ते ६७० नॅनोमीटरचा, ५ मिलिवॅटहून कमी शक्तीचा लेसर अंधाऱ्या खोलीत फळावर १० ते १५ अंश तिरका सोडा आणि वरून फोटो घ्या. कॅमेरा स्वयंचलित ठेवला तर तो प्रत्येक फळाला वेगळा उजेड देईल, म्हणून एक्स्पोजर हातानं कायम करा. बिंदूभोवती लाल वलय दिसेल. हरितद्रव्य घटलं की वलय पसरतं. बिंदूचा मध्य पांढरा फट्ट पडला असेल तर हिशोबात फक्त बाहेरची कड घ्या. लेसरचं सालीवरून उसळलेलं प्रतिबिंबही डोळ्यांत जाऊ देऊ नका.

दुधाला यातलं काहीच तसंच्या तसं लागू होत नाही. त्यात प्रकाश विखुरतात ते स्निग्धाचे गोळे आणि केसिन या प्रथिनाचे कण. म्हणून दूध आधी ४० अंशांवर आणून हलक्या हातानं उलटसुलट करून एकजीव करा. साय वर आलेली असताना घेतलेलं वाचन कामाचं नाही.

पुढची देखभाल

आठवड्यातून एकदा निऑन किंवा आर्गॉनच्या दिव्यावर तरंगलांबी तपासा. आर्गॉनच्या ७६३.५, ८११.५, ९१२.३ आणि ९६५.८ नॅनोमीटरच्या रेषा नेमक्या आपल्या खिडकीत पडतात. १ नॅनोमीटरचं सरकणंही दुसऱ्या अवकलनावरच्या मॉडेलला जड जातं. दिवा बदलला, प्रोब उघडून पुन्हा जोडला किंवा नवी खेप आली की १० फळं मोजून कापा. सगळे अंदाज एकाच बाजूला सारखे चुकत असतील, समजा ०.६ नं वर, तर तेवढा आकडा वजा करून काम चालू ठेवता येतं. चूक दोन्ही बाजूंना विखुरली असेल तर वजाबाकीनं भागणार नाही. त्या खेपेची ३०-४० फळं शिकवणीत घालून मॉडेल पुन्हा बांधा. त्याआधी रबराची कडा एकदा पाहून घ्या, तिला चीर गेलेली असू शकते.